चौतीस महिन्यांची थकबाकी : एका गिरणीच्या वीजबिलाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या एका गावचे आहे. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक गिरणी आहे; दळण, मिरची-मसाल्याचे कांडप आणि शेंगदाण्याचा तेलघाणा अशी तीन कामे एकाच शेडमध्ये चालतात. पती वारल्यापासून मालकीणबाई स्वतः गिरणी चालवतात आणि त्यांचे धाकटे दीर हिशेब पाहतात. ग्राहकांना वीजतक्रारी लिहून देण्याचे आणि गरज पडल्यास सुनावणीला त्यांच्यासोबत उभे राहण्याचे काम मी करत असल्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आले. ओळख पटू नये म्हणून गावाचे, माणसांचे आणि वीज कंपनीचे नाव दिलेले नाही. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून रकमा पूर्णांकात घेतल्या आहेत आणि सर्व आकार धरून युनिटचा सरासरी दर ९ रुपये मानला आहे.

गिरणीचा मंजूर भार ४० अश्वशक्ती, वर्गवारी लघुदाब औद्योगिक. एवढ्या भाराला मुख्य तारा सरळ मीटरमधून नेत नाहीत. आर, वाय आणि बी अशा तिन्ही फेजच्या तारांवर एकेक करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सगळे ज्याला नुसते ‘सीटी’ म्हणतात ते कडे, बसवतात आणि त्यातून निघणारी बारीक तार मीटरच्या टर्मिनलला जोडतात. या बारीक तारेतून जे येते तेवढेच मीटरला कळते. तीनपैकी एक तार सैल झाली तरी मीटर बंद पडत नाही, आकडे पुढे सरकत राहतात, बिलही दरमहा येत राहते. फक्त एका फेजची वीज मीटरच्या हिशेबातून निसटते. गिरणीच्या मोटारी तिन्ही फेजवर सारखाच भार घेतात, म्हणून अशा वेळी खऱ्या वापराच्या दोन-तृतीयांश एवढीच नोंद होते. पुढचा सगळा वाद या एका तारेचा आहे.

समस्या

सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस, नवरात्रात, कंपनीचे भरारी पथक गिरणीवर आले. चकलीच्या भाजणीचे डबे रांगेत लागलेले होते आणि दोन्ही जाती चालू होती. सहायक अभियंत्यांनी मीटरपेटीचे सील तोडून झाकण उघडले आणि बटण दाबून पडद्यावरचे आकडे एकेक करून पाहिले. वाय फेजचा प्रवाह ३८ अँपिअर, बी फेजचा ३९, आणि आर फेजसमोर ०.००. आर फेजच्या टर्मिनलचा स्क्रू काळवंडला होता आणि तारेच्या टोकाला कार्बन धरला होता. सोबतच्या तंत्रज्ञाने तारेचे टोक खरवडले, स्क्रू आवळला आणि पडद्यावर आर फेजसमोर ३८ हा आकडा आला. त्यानंतर पथकाने आपले तपासणी यंत्र लावून मीटरची अचूकता पाहिली; ती मर्यादेत होती. हे सारे अर्ध्या तासात उरकले. त्या अर्ध्या तासाचे मोल किती होते, ते आम्हांला काही महिन्यांनी कळले.

मग स्थळपाहणीचा छापील पंचनामा पुढे आला. त्यात ‘कलम १२६ / १३५’, म्हणजे विजेचा अनधिकृत वापर आणि वीजचोरी यांची कलमे, असे छापलेले होते आणि दोन्हींपैकी काहीच खोडलेले नव्हते. “वहिनी, नेहमीचाच कागद आहे, सही करा,” असे ओळखीचा वायरमन म्हणाला. बाईंनी दिरांना बोलावून घेतले, कागद वाचायला लावला आणि सही करण्याआधी तिच्या वरच्या जागेत स्वतःच्या अक्षरात लिहिले: ‘पेटी उघडण्याआधी सर्व सील शाबूत होते. तार आतून सैल निघाली.’ अभियंत्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हरकत घेतली नाही. दिरांनी त्या कागदाचा आणि तुटलेल्या सीलचा फोटो काढला.

दिवाळीच्या आठवडाभर आधी बिल आले. चालू महिन्याच्या रकमेखाली ‘समायोजन’ या नावाने ३,६७,२०० रुपये लावलेले होते. सोबतच्या पत्रात म्हटले होते की, मीटरच्या स्मृतीतील नोंदीनुसार आर फेज डिसेंबर २०१९ पासून बंद होता. त्या महिन्यापासून सप्टेंबर २०२२ पर्यंतच्या ३४ महिन्यांत ८१,६०० युनिटांची नोंद झाली, म्हणून न नोंदलेला एक-तृतीयांश भाग ४०,८०० युनिट धरण्यात येत आहे. रक्कम मुदतीत न भरल्यास पुरवठा खंडित करण्यात येईल.

बाईंचे पहिले म्हणणे मला अजून आठवते. “वापरली ती वीज वापरलीच, नाही म्हणणार नाही. पण रीडिंग घेणारा पोरगा दर महिन्याला आला, फोटो काढून गेला. त्याला दिसलं नाही ते मला कसं दिसावं? आणि तीन वर्षांपूर्वी दळून नेलेल्या दळणाचे पैसे आता कुणाकडे मागू?” दळणाचा किलोमागचा भाव वीजबिल पाहूनच ठरतो. बिल कमी आले म्हणून बाईंनी भाव वाढवला नव्हता, म्हणजे न नोंदलेल्या विजेचा फायदा गिरणीत साठून राहिला नव्हता. तो दळणवाल्यांच्या डब्यांतून घरोघरी गेला होता. मागील बिलाच्या वसुलीला कायद्याने मुदत घालावी लागते, त्याचे कारण माझ्या मते याच एका वाक्यात आहे.

तीन वर्षांत कुणाच्याच लक्षात कसे आले नाही, हा प्रश्न आम्हीही स्वतःला विचारला. डिसेंबर २०१९ पूर्वी महिन्याचा वापर सुमारे ३,७०० युनिट होता. तो उतरला, आणि ती घट नजरेत भरण्याआधीच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. त्या काळात रीडिंगच होत नव्हते, सरासरीने बिले येत होती आणि लग्नसराई व हॉटेले बंद असल्याने कांडपही कमी झाले होते. पुढे वापर महिना अडीच हजार युनिटांवर स्थिरावला आणि तोच आकडा सर्वांना नेहमीचा वाटू लागला.

कायदा काय सांगतो

विजेची निर्मिती, पारेषण, वितरण, व्यापार आणि ग्राहकाचे हक्क यांसाठी संपूर्ण देशाला लागू असलेला मुख्य कायदा म्हणजे विद्युत अधिनियम, २००३. तो १० जून २००३ पासून अमलात आला आणि १९१०, १९४८ व १९९८ चे आधीचे तीन कायदे त्याने मागे टाकले. वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे चौकट संसदेने आखली असली तरी दर, पुरवठा संहिता आणि तक्रारींची यंत्रणा प्रत्येक राज्याचा नियामक आयोग ठरवतो. महाराष्ट्रात २०२१ ची विद्युत पुरवठा संहिता आणि गाऱ्हाणे निवारण मंच व विद्युत लोकपाल यांचे २०२० चे विनियम लागू होते. केंद्र सरकारनेही ३१ डिसेंबर २०२० रोजी ग्राहकांच्या हक्कांविषयी स्वतंत्र नियम काढले.

या प्रकरणात प्रश्न असा होता की, कमी नोंदलेल्या विजेला कायद्यात नेमके काय म्हणायचे. याची चार उत्तरे संभवत होती, आणि दर उत्तरागणिक दार वेगळे, रक्कम वेगळी.

ती चोरी मानली, तर कलम १३५. प्रकरण फौजदारी आणि पुरवठा तत्काळ तोडता येतो. अनधिकृत वापर मानला, तर कलम १२६. दुप्पट दराने आकारणी, आणि तिच्याविरुद्ध कलम १२७ खाली अपील करायचे तर ३० दिवसांच्या आत निम्मी रक्कम भरूनच. या दोन्ही बाबतींत गाऱ्हाणे निवारण मंचाचे दार बंद असते.

सदोष मीटर मानला, तर पुरवठा संहितेप्रमाणे चाचणीच्या निष्कर्षानुसार बिलाची दुरुस्ती होते, पण ती वाद उद्भवला त्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती. म्हणजे या गिरणीच्या बाबतीत ३,९०० युनिट, ३५,१०० रुपये.

आणि बिलातून सुटलेली आकारणी मानली, तर कलम ५६ चे पोटकलम २ लागू होते: रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही, जर ती थकबाकी म्हणून सतत दाखवलेली नसेल, आणि अशा रकमेसाठी पुरवठाही तोडता येत नाही. ‘पहिल्यांदा देय’ म्हणजे कधी, यावर न्यायालयांत बराच खल झालेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मार्च २०१९ मध्ये असा निर्वाळा दिला की, पहिल्या मागणीच्या तारखेपासून मागे दोन वर्षांपलीकडच्या वापराची आकारणी वितरण कंपनीला मागता येणार नाही. पुढे १८ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील रहमतुल्ला खान यांच्या प्रकरणात म्हटले की, देणे वापराबरोबर निर्माण होते, पण ते देय होते बिल काढल्यावर. प्रामाणिक चूक नंतर उघडकीस आली तर दोन वर्षांनंतरही पुरवणी मागणी करता येते, मात्र तिच्या वसुलीसाठी पुरवठा तोडण्याचा मार्ग कंपनीला बंद आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये हरियाणातील प्रेम कॉटेक्सच्या प्रकरणात, गुणक, म्हणजे मीटरच्या आकड्याला ज्याने गुणतात ती संख्या, चुकीचा लावल्यामुळे झालेली कमी आकारणी ही ‘सुटलेली आकारणी’ ठरवून त्याच न्यायालयाने ग्राहकाचे अपील फेटाळले. हे तीन निकाल शेजारी ठेवून वाचले की, ग्राहकाच्या बाजूने बोलणाऱ्यालाही आपली जागा किती अरुंद आहे ते समजते.

विचारात घेतलेले पर्याय

रक्कम मान्य करून हप्ते मागावेत, हा दिरांचा पहिला कल होता. कंपनीशी वैर नको, कांडपाच्या हंगामात वीज गेली तर वर्षाची कमाई जाईल, ही भीती खरी होती. परंतु हप्त्यांचा अर्ज करताना थकबाकी मान्य असल्याचे लिहून द्यावे लागले असते आणि मग ३४ महिन्यांवर बोलायला तोंड उरले नसते.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे, असे एका वकिलांनी सुचवले. गिरणी स्वयंरोजगाराची असल्याने ‘व्यापारी हेतू’चा आक्षेप कदाचित टिकला नसता, पण त्यावरच पहिल्या काही तारखा गेल्या असत्या. शिवाय प्रेम कॉटेक्सचे प्रकरण ग्राहक आयोगांच्याच मार्गाने सर्वोच्च न्यायालयात गेले होते आणि तेथे ‘सेवेतील त्रुटी’ हा मुद्दा टिकला नव्हता. दिवाणी दाव्याचा विचार खर्च आणि काळ पाहून लगेच सोडला.

तिसरा पर्याय कलम ४२ खालील गाऱ्हाणे निवारण मंचाचा. तेथे वकिलाची गरज नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, मंचाने साठ दिवसांत निकाल देणे अपेक्षित आहे आणि त्या निकालाविरुद्ध साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येते. अडचण एकच होती: पंचनाम्यावर न खोडलेले ‘१२६ / १३५’. त्यावर बोट ठेवून कंपनीने मंचाच्या अधिकाराला आक्षेप घेतला असता, तर दारातूनच परत फिरावे लागले असते.

केलेली कार्यवाही

पहिले पत्र आम्ही रकमेविषयी लिहिलेच नाही. फक्त एक प्रश्न विचारला: सदर मागणी विद्युत अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली आहे, ते लेखी कळवावे. उपविभागातील लिपिकाने आधी ‘साहेब सुट्टीवर आहेत’ म्हणून पत्र घ्यायला नकार दिला. आवक नोंद करून पोच दिल्याशिवाय आम्ही जाणार नाही असे शांतपणे सांगितल्यावर शिक्का मिळाला. नऊ दिवसांनी उत्तर आले. मीटरपेटीचे सील शाबूत असल्याने व ग्राहकाचा हेतुपुरस्सर हस्तक्षेप आढळला नसल्याने कलम १२६ किंवा १३५ ची कार्यवाही प्रस्तावित नाही, मागणी ‘न नोंदलेल्या युनिटांच्या फरकाची’ आहे, असे त्यात होते. बाईंनी पंचनाम्यावर लिहिलेल्या दोन ओळींचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे त्या उत्तरात उतरले होते. एवढ्याने मंचाचे दार उघडले.

दुसरा निर्णय पैसे भरण्याचा. बिल ऑनलाइन भरायला गेले की संपूर्ण रक्कमच पुढे येत होती, आणि काहीच न भरणे धोक्याचे होते. कलम ५६ च्या पोटकलम १ प्रमाणे पुरवठा तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि वाद प्रलंबित असताना ग्राहकाने, निषेध नोंदवून, मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने दरमहाचा आकार, यांपैकी जे कमी असेल ते भरले, तर पुरवठा तोडता येत नाही. सहा महिन्यांची सरासरी सुमारे २५ हजार रुपये येत होती. कलमाचा उल्लेख करून, ‘हक्क राखून व निषेधासह’ असे शब्द घालून आम्ही दरमहा अर्ज केला आणि उपविभागातून तेवढ्याच रकमेची स्लिप काढून घेऊन पैसे भरले. सहायक अभियंत्यांनी पहिल्या वेळी ही तरतूद आपल्या वरिष्ठांना दूरध्वनीवर वाचून दाखवली आणि मग स्लिपवर सही केली. त्यांनी ती तरतूद नाकारली नाही, ही गोष्ट मला त्यांच्या बाजूने नोंदवावीशी वाटते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मंचाकडे तक्रार दाखल झाली आणि निकालापर्यंत पुरवठा तोडू नये असा अंतरिम आदेश मिळाला. तक्रारीत दोन मागण्या होत्या. मुख्य मागणी अशी की, पुरवठा संहितेतील ‘मीटर’च्या व्याख्येत सीटी आणि त्याची आवश्यक वायरिंग यांचाही समावेश आहे, तार सैल होणे म्हणजे मीटर सदोष होणे, म्हणून वसुली तीन महिन्यांपुरती असावी. ती मान्य न झाल्यास पर्यायी मागणी अशी की, उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाच्या निर्णयाप्रमाणे ती २४ महिन्यांपुरती असावी.

सुनावणीत कंपनीच्या अधिकाऱ्यांनी प्रेम कॉटेक्सचा निकाल पुढे करून ३४ महिन्यांची मागणी धरून ठेवली. मीटर सदोष नव्हताच, असेही ते म्हणाले, आणि पुरावा म्हणून त्याच दिवशीचा अचूकतेचा अहवाल दाखवला. अध्यक्षांनी आम्हांला विचारले, “तार आवळण्याआधीची चाचणी आहे का तुमच्याकडे?” ती नव्हती. अहवाल होता तो स्क्रू आवळल्यानंतरचा, आणि आवळल्यानंतर मीटर अर्थातच बरोबर होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मंचाने निकाल दिला. ऑक्टोबर २०२० पूर्वीच्या दहा महिन्यांची ९७,२०० रुपयांची मागणी रद्द झाली. उरलेल्या २४ महिन्यांची, ३०,००० युनिटांची २,७०,००० रुपयांची वसुली कायम राहिली. व्याज आणि विलंब आकाराविषयी मंच काहीच बोलला नाही.

लोकपालांकडे जावे की नाही

येथे आमच्यात मतभेद झाला. दिरांना वाटत होते की एक लाखाच्या आसपास वाचले, आता थांबावे. मला तीन महिन्यांच्या मुद्द्यावर पुन्हा प्रयत्न करावासा वाटत होता. बाईंनी विचारले, की हरलो तर आता मिळाले आहे ते जाईल का? कंपनीने मंचाच्या निकालाला आव्हान दिले नव्हते आणि लोकपालांपुढचे निवेदन ग्राहकाचे असल्याने रद्द झालेली मागणी तेथे पुन्हा उभी राहण्याची शक्यता मला फार थोडी वाटत होती, तसे मी सांगितले. मग त्या म्हणाल्या, “तर जाऊ या.”

दरम्यान माहिती अधिकारात मागवलेले कागद आले होते. तो अर्ज मी तक्रारीच्या आधी करायला हवा होता. केला सुनावणीच्या सुमारास, आणि उत्तर आले तेव्हा मंचापुढील कामकाज संपले होते. कागदांनुसार मीटर २०१४ मध्ये बसवला होता आणि त्यानंतर सप्टेंबर २०२२ पर्यंत त्याची एकही चाचणी नोंदलेली नव्हती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या मीटरविषयक विनियमांनुसार ग्राहकाच्या मीटरची चाचणी पाच वर्षांतून किमान एकदा व्हायला हवी. ती २०१९ पर्यंत झाली असती तर पाहणाऱ्याला सैल होत आलेला स्क्रू कदाचित दिसला असता. आणि दिसला नसता तरी निदान कंपनीने आपले काम केले, असे म्हणता आले असते.

निष्पत्ती

जुलै २०२३ मध्ये विद्युत लोकपालांचा आदेश आला. तीन महिन्यांचा मुद्दा त्यांनी फेटाळला. कारण दोन वाक्यांत दिले होते: मीटर स्वतः अचूक आढळला, आणि उरलेल्या दोन फेजच्या नोंदींवरून सुटलेली वीज नेमकी काढता येते; तेव्हा येथे अंदाजाने दुरुस्ती करण्याची गरज नसून ही सुटलेली आकारणी आहे. मीटरच्या व्याख्येतील वायरिंगच्या उल्लेखाला त्यांनी उत्तर दिले, पण माझ्या समजुतीप्रमाणे ते पुरेसे नव्हते. संहितेने वायरिंगला मीटरचा भाग म्हटले असताना वायरिंगचा दोष हा मीटरचा दोष का नाही, हे मला आजही पटलेले नाही.

चाचणी न झाल्याचा मुद्दा मात्र त्यांनी गांभीर्याने घेतला. कंपनीच्या देखभालीतील उणिवेमुळे थकबाकी साचली असल्याने २,७०,००० रुपयांवर कोणतेही व्याज वा विलंब आकार लावू नये आणि ही रक्कम २४ समान मासिक हप्त्यांत, चालू बिलासोबत घ्यावी, असा आदेश झाला. दरमहा ११,२५० रुपये. उच्च न्यायालयात रिट करण्याचा विचार एका संध्याकाळी केला आणि सोडून दिला. वकिलाची फी आणि मुंबईच्या खेपा धरल्या, तर जिंकूनही फारसे हाती राहिले नसते.

अंमलबजावणी आपोआप झाली नाही. रद्द झालेले ९७,२०० रुपये पुढच्या दोन बिलांत थकबाकी म्हणून येतच राहिले. आदेशाची प्रत जोडून दोन अर्ज केल्यावर तिसऱ्या बिलात ते दिसेनासे झाले. कंपनीने त्या रकमेसाठी दिवाणी दावा केलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक पहिल्या अर्ध्या तासातली. पथकाने स्क्रू आवळण्याआधी, ‘आहे त्या स्थितीत मीटर व वायरिंग सीलबंद करून चाचणी घ्यावी, आम्ही हजर राहू’ असे लेखी मागायला हवे होते. पेटी उघडताच दोष दूर केला गेला आणि त्यानंतरची चाचणी निर्दोष आली, ही पथकांची नेहमीची पद्धत आहे; तीत वाईट हेतू असतोच असे नाही, कारण तंत्रज्ञाला बिघाड दिसला की तो दुरुस्त करतो. परंतु सदोष मीटर या मुद्द्याचा सगळा आधार त्या स्क्रूबरोबर आवळला गेला. पडद्यावरचा ०.०० हा आकडासुद्धा कुणी फोटोत पकडला नव्हता. फोटो काढला तो नंतर, सीलचा. बाईंना हे कोणी आधी सांगितलेले नव्हते, म्हणून हा दोष त्यांचा नाही. आम्ही गावोगावी ग्राहकांच्या बैठका घेतो, त्यांत बिल वाचायला शिकवतो, पण पथक दारात आल्यावर काय करायचे ते शिकवत नव्हतो. आता त्या बैठकीत मी सर्वांत आधी हेच सांगतो.

माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्या पत्रासोबतच जायला हवा होता. चाचणीच्या नोंदी मंचापुढे असत्या तर व्याजाचा प्रश्न तेथेच सुटला असता, आणि सदोष मीटरच्या मुद्द्यालाही बळ मिळाले असते, कारण आठ वर्षे न तपासलेली यंत्रणा निर्दोष होती असे म्हणणे कंपनीला जड गेले असते.

कंपनीच्या बाजूने पाहिले, तर वापर एकाच महिन्यात एक-तृतीयांशाने उतरतो आणि तसाच राहतो, ही खूण संगणकाला सहज कळण्याजोगी आहे. टाळेबंदीने ती झाकली हे मान्य. पण २०२१ च्या मध्यापासून व्यवहार सुरळीत झाले होते आणि मीटरच्या स्मृतीत आर फेज बंद असल्याची नोंद तारखेसह पडून होती. ती स्मृती वर्षातून एकदा जरी उतरवून घेतली असती, तर ३४ महिन्यांचा प्रश्न १२ महिन्यांच्या आत मिटला असता आणि कंपनीला पूर्ण रक्कम, ग्राहकाला न टोचता, मिळाली असती.

बाईंनी पुढची व्यवस्था स्वतःच केली. दळणाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी आर, वाय, बी असे तीन रकाने आखले आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला, दोन्ही जाती चालू असताना, त्या मीटरचे बटण दाबून तिन्ही प्रवाह लिहून ठेवतात आणि शेजारी तारीख घालतात. गेल्या खेपेला मी वही पाहिली, तेव्हा तिन्ही रकान्यांत साधारण सारखे आकडे होते. एका महिन्यात बी फेज चार अँपिअरने कमी दिसला होता, तर त्यापुढे पेन्सिलने लिहिले होते: ‘वायरमनला सांगितले, अर्ज दिला, पोच आहे.’